पडद्यावर न उमटलेली ओळ

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या संगणकवर्गांत आणि महाप्याच्या कचेऱ्यांत एक समज इतक्या निष्ठेने जोपासला जातो की, त्याचे निराकरण करता करता कंठशोष व्हावा: प्रिंटचा हुकूम सुटला की मजकूर तत्क्षणी पडद्यावर उमटतो, आणि उमटला नाही तर प्रोग्रॅम त्या ओळीपर्यंत पोहोचलाच नाही. हे साफ चूक आहे. प्रिंट मजकूर प्रथम बफर नामक राखीव स्मृतीत ठेवते, आणि कचेरीतील जावक टपाल साचल्यावर एकदम रवाना व्हावे, तसा तो तेथून पुढे जातो. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकानुसार, आउटपुट पडद्याऐवजी फाइलकडे वळवले असेल तर ते बफर भरेपर्यंत साठवावयाचे असते. पडद्यावर ते बहुधा ओळ संपताच सुटते.

ओळच न संपवता दर सेकंदास एक टिंब छापणारा दहा फेऱ्यांचा पायथन प्रोग्रॅम चालवून पाहावा: दहा सेकंद निःशब्द शांतता, आणि मग दहाही टिंबे एकदम! यावर ‘सेकंदभर थांबवणारी स्लीप चालत नाही’ असा निवाडा देणाऱ्यांना काय म्हणावे? स्लीप बिचारी आपले काम चोख करीत असते; प्रिंटमध्ये ‘फ्लश=ट्रू’ लिहून बफर तत्काळ रिकामे करण्याची सोय पायथन ३.३ पासून आहे, ती कोणी वापरीत नाही एवढेच. सी भाषेत तर प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने अकस्मात कोसळला, की बफरमधील मजकूरही त्याच्यासवे नष्ट होतो. मग दोष शेवटल्या दिसलेल्या ओळीनंतर लगेच शोधणे व्यर्थच.

प्रत्येक ओळीस फ्लश करणे फुकट असते, हाही भ्रम. लाखो ओळींत फ्लश वेग खातो. कॅरेज रिटर्नने जुनी ओळ पुसली जाते, हाही तसाच गैरसमज; ते चिन्ह कर्सर फक्त ओळीच्या आरंभी नेते.

तक्ता छापताना होणारा रकान्यांचा घोळ मात्र मराठीला विशेष जाचतो. ‘नेरूळ’ हे स्थानकाचे नाव डोळ्यांना तीन अक्षरे, पायथनला पाच चिन्हे आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. सी भाषेतील प्रिंटएफ बाइट मोजते, म्हणून दहाच्या रकान्यात ती एकही रिक्त जागा भरत नाही आणि स्थानकांचा तक्ता वाकडा होतो. दोष युनिकोडचा नाही, मोजणाऱ्याचा आहे.

बफरचा हा स्वभाव पाहता दोषशोधनाच्या ओळी एसटीडीईआरआर या त्रुटीसंदेशांच्या प्रवाहाकडे पाठवाव्यात. तिथे त्या बफर भरण्याची वाट पाहत अडकून पडत नाहीत.