कुलूप कुणासाठी?

मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली, त्या १९९०च्या दशकात कुठल्याही डीटीपी सेंटरमध्ये गेलात आणि संगणकाच्या मागे डोकावलात, तर प्रिंटरची वायर जिथे जोडतात तिथे काडेपेटीएवढी एक प्लास्टिकची डबी दिसायची. तिचं इंग्रजी नाव डाँगल. डीटीपीवाले तिला नुसतं ‘लॉक’ म्हणत. मराठी अक्षरं देणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं की त्याच्याबरोबर ही डबी मिळे. डबी जागेवर असेल तर सॉफ्टवेअर चालणार, काढली की बंद. दुकान बंद करताना काही मालक ती डबी काढून गल्ल्यात ठेवत. संगणक चोरीला गेला तर नवा आणता येईल, पण लॉक गेलं तर सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यावं लागेल, हा हिशेब त्यांना चांगला ठाऊक होता.

या डबीत एक छोटी चिप असते. सॉफ्टवेअर अधूनमधून तिला एक प्रश्न विचारतं आणि ती आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याच्या आधारे उत्तर देते. उत्तर आलं नाही किंवा चुकलं, की सॉफ्टवेअर काम थांबवतं. फ्लॉपीची किंवा सीडीची नक्कल कुणीही करील, चिपची करणं अवघड. सगळी युक्ती एवढीच.

ही युक्ती करणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी त्यांची बाजू ऐकायला हवी. मी कवी आहे. माझ्या ओळी माझ्या नावाशिवाय फिरताना मला दिसतात, तेव्हा पोटात काय होतं ते मला माहीत आहे. सॉफ्टवेअरवाल्याचं दुःख याच जातीचं, फक्त त्याचे पैसे जास्त अडकलेले. १९७६ साली वीस वर्षांच्या बिल गेट्सनं संगणकाच्या हौशी मंडळींना एक जाहीर पत्र लिहिलं होतं. आमचं बेसिक तुम्ही सगळे वापरता, पण विकत घेणारे दहा टक्केही नाहीत, आणि मेहनतीचे तास मोजले तर आम्हाला ताशी दोन डॉलरही सुटत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. पुढे तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला म्हणून ती तक्रार खोटी ठरत नाही.

अक्षरांच्या बाबतीत तर मेहनत डोळ्यांना दिसते. उर्दूचं उदाहरण घ्या. उर्दूची नस्तालिक लिपी ओळीवर सरळ बसत नाही, तिरपी उतरत येते, आणि शेजारचं अक्षर बदललं की प्रत्येक अक्षराचं रूप बदलतं. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं कातिबांच्या हातानं लिहून छापली जात. कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकार हातानं रेखले, त्यातून १९८१ साली ‘नूरी नस्तालिक’ संगणकावर आली. पुढे १९९४च्या सुमारास दिल्लीच्या एका कंपनीनं त्याच वळणावर ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. एवढी मेहनत एका क्लिकमध्ये फुकट जाऊ नये असं कुणाला वाटलं, तर ते वाटणं रास्तच आहे. कुलूप लावू नका असं मी म्हणत नाही.

प्रश्न आहे तो कुलपाचा त्रास कुणाला होतो याचा. एखादा हुशार पोरगा सॉफ्टवेअर उघडून बसतो, प्रश्न विचारण्याची जागा शोधतो आणि तेवढा भाग पुसून टाकतो. मग ती बिनकुलपाची प्रत जगभर फिरते. म्हणजे चोराला कुलूप एकदाच तोडावं लागतं, तेही कुणीतरी एकानं. पैसे मोजलेल्या ग्राहकाला मात्र ते रोज उघडावं लागतं. घराच्या कुलपाचा न्याय इथे लागू पडत नाही, कारण घराचं कुलूप प्रत्येक घरी वेगळं तोडावं लागतं.

डबीच्या आधी ‘की डिस्क’ नावाचा प्रकार होता. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी मूळ फ्लॉपी संगणकात घालावी लागे. आपल्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी यायची, हे ज्यांनी ती वापरली त्यांना सांगायला नको. फ्लॉपी खराब झाली की विकत घेतलेला माल बंद. पुढे लोटसनंही हे कुलूप सोडून दिलं. त्याच १९८३ साली बोरलँड कंपनीनं टर्बो पास्कल काढलं, किंमत पन्नास डॉलरच्या आत आणि कुलूप नाही. त्यांच्या परवान्यातली अट मला फार आवडते: हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखं वापरा. पुस्तक कुणीही वाचावं, कुठेही न्यावं, फक्त एकच प्रत एकाच वेळी दोन ठिकाणी वाचली जाऊ शकत नाही, तेवढं पाळा. टर्बो पास्कल भरपूर खपलं.

सगळेच इतके शहाणे निघाले नाहीत. २००५ साली सोनी बीएमजीनं गाण्यांच्या काही सीडींमध्ये कुलूप घातलं. सीडी विंडोजच्या संगणकात घातली की एक सॉफ्टवेअर गुपचूप आत शिरे आणि स्वतःला लपवून ठेवी. मार्क रसिनोविच या तज्ज्ञानं ते ३१ ऑक्टोबर २००५ला उघडकीला आणलं. त्या लपण्याच्या जागेत बाहेरचे व्हायरसही दडू शकत होते! कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. यात संगणक बिघडला तो दुकानात जाऊन पैसे मोजणाऱ्यांचा. ऑगस्ट २००७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पडताळणी यंत्रणेत बिघाड झाला आणि अस्सल विंडोज घेतलेल्या हजारो लोकांना ‘तुमची प्रत अस्सल नाही’ असं सांगितलं गेलं. २०१० साली युबिसॉफ्टच्या एका खेळाला सतत इंटरनेट लागे. कंपनीचे सर्व्हर बंद पडले, तेव्हा विकत घेणारे हात चोळत बसले.

आता घरची गोष्ट. माझा पहिला कवितासंग्रह १९९७ साली अशाच एका लॉकवाल्या सॉफ्टवेअरवर जुळवला गेला. २०१२मध्ये दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली. सेंटरच्या मालकांनी सीडी जपून ठेवली होती, लॉकही जपलं होतं. पण त्यांच्या नव्या संगणकाला प्रिंटरचं ते जुनं पोर्टच नव्हतं, जुना संगणक कधीच बंद पडला होता. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, नवी आवृत्ती घ्या, पूर्ण किमतीला. फाइल नुसती उघडून पाहिली तर कविता नाहीच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा सडा. दोन गल्ल्या पलीकडे एका मुलाकडे त्याच सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली नक्कल होती. त्यानं फाइल पाच मिनिटांत उघडून दाखवली. मालक, म्हणजे ज्यांनी हप्त्यानं पैसे भरून परवाना घेतला होता ते, मला म्हणाले, “भाई, पैसे भरून मी गुन्हा केला का?” नकलेवर काम करायला ते तयार झाले नाहीत. सगळा संग्रह पुन्हा टाइप झाला. त्यात तीन ठिकाणी अनुस्वार गळाला, आणि कवितेत अनुस्वार गळणं म्हणजे काय ते कवीला विचारा.

कविता चिन्हांच्या सड्यात का बदलली, हेही समजून घेऊ. त्या वेळच्या फाँटमध्ये जेमतेम अडीचशे खण असत. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी कंपन्या मराठी आकार बसवत, प्रत्येक कंपनी आपापल्या क्रमानं. त्यामुळे एका कंपनीच्या फाइलमधला ‘क’ दुसरीकडे भलतंच काही व्हायचा. कुलूप सॉफ्टवेअरला होतं, पण त्यात माझा मजकूरही कोंडला गेला. सॉफ्टवेअर त्यांचं, कविता माझी, हे कबूल असूनही किल्ली मात्र एकच होती. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे. लॉकचा त्रास एकवेळ सोसता येतो.

कायद्यानं या बाजूचा थोडा विचार केला आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार, कायदेशीर प्रत असणाऱ्याला प्रत खराब होण्याच्या भीतीपोटी सॉफ्टवेअरची राखीव नक्कल करता येते. उलट, नक्कल आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला कलम ६३ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ कुलूप तोडणं हा गुन्हा ठरवतं, पण ते हक्कभंगाच्या हेतूनं तोडलं असेल तरच. अमेरिकेत कायदा जास्त कडक. तरी तिथेही २००३ साली बिघडलेल्या आणि आता मिळत नसलेल्या डाँगलसाठी खास सवलत द्यावी लागली. म्हणजे आमच्या मालकांसारखे लोक तिथेही होते.

मग तोल कसा साधायचा? ज्यांनी साधला त्यांनी विकत घेतलेली प्रत चोरलेल्या प्रतीपेक्षा सोयीची केली. २००३ साली सुरू झालेल्या ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानात कुलूप आहेच. पण संगणक बदलला तरी आपल्या नावावरचे खेळ पुन्हा उतरवून घेता येतात, सुधारणा आपोआप येतात. नक्कलवाल्याला हे मिळत नाही. ॲपलनं २००९मध्ये गाण्यांवरचं कुलूप काढलं, तरी गाणी विकली जातच राहिली. अलीकडे भाड्याची पद्धत आली आहे. ॲडोबीनं २०१३पासून नव्या आवृत्त्या मासिक वर्गणीकडे वळवल्या. यात डबी सांभाळायची कटकट नाही, पण वर्गणी थांबली की काम थांबतं. छोट्या गावातल्या सेंटरला, जिथे मंदीत दोन-दोन महिने काम नसतं, ते परवडत नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर युनिकोडनं मजकुराची कोंडी बरीच फोडली. आता अक्षराचा क्रमांक सगळीकडे एकच असतो, फाँट कुठलाही चालतो. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी मजकूर वाचता येतो. पण १९९० ते २०१०च्या दरम्यान जुळवलेली पुस्तकं, दिवाळी अंक, गावोगावच्या शाळांची स्मरणिका-पुस्तकं अजून जुन्याच फाँटमध्ये सीड्यांवर पडून आहेत. ज्यांच्याकडे जुना संगणक आणि लॉक दोन्ही चालू आहेत, त्यांनी त्या फाइली आताच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात, सोबत पीडीएफही काढून ठेवावी. बदलणारी साधनं मिळतात, मात्र नंतर एकदा बारकाईनं वाचून घ्या, विशेषतः रफार आणि अनुस्वार. आणि जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या मागची ती डबी काढून घ्यायला विसरू नका.