रंगावर भाळू नये : तंजावूरच्या राजवाडा परिसरात खड्यांची ओळख

मराठी माणसाला तंजावूर परके वाटत नाही. व्यंकोजीराजांपासून चालत आलेली भोसल्यांची गादी, दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील मोडी कागदपत्रे आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला मराठी शिलालेख या सर्वांविषयी आपण अभिमानाने बोलतो. मात्र याच परिसराची एक वेगळी शिकवण फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि ती म्हणजे रंगीत खड्यांची व खनिजांची पारख कशी करावी.

राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत तंजावूर शैलीची चित्रे मांडलेली असतात. लाकडी फळीवर कापड चिकटवून, चुन्याच्या लेपाने उठाव देऊन, वर सोन्याचा वर्ख व रंगीत खडे बसवून ही चित्रे सिद्ध होतात. पूर्वी राजाश्रयाने घडलेल्या चित्रांत मौल्यवान खडे जडविले जात. आज बहुतेक चित्रांत काचेचे खडे असतात. यात वावगे काही नाही. काच काच म्हणून विकली जाते तोवर तो प्रामाणिक व्यवहार असतो. त्याच काचेला 'माणिक' म्हटले की फसवणूक सुरू होते.

हजार वर्षांपूर्वीची नोंदवही

राजवाड्यापासून जवळच असलेले बृहदीश्वर मंदिर पहिल्या राजराज चोळाने सन १०१० मध्ये पूर्ण केले. त्याच्या शिलालेखांत देवाला अर्पण केलेल्या दागिन्यांची यादी आहे. बँकेत काम करणाऱ्याने ती अवश्य समजून घ्यावी. प्रत्येक दागिन्यात किती हिरे, किती माणके, किती मोती आहेत हे त्यात नोंदले आहेच. शिवाय हिऱ्यांच्या कडा कशा आहेत, माणकांत कोणते प्रकार आहेत, कोणत्या रत्नांत ठिपके वा तडे आहेत, मोती पूर्ण गोल आहेत की गोलसर, हेही लिहिले आहे. वजन देताना लाख व दोरा त्यात धरला आहे, हेसुद्धा स्पष्ट केले आहे. सोन्यासाठी 'आडवल्लान' आणि रत्नांसाठी 'दक्षिणमेरुविटंकन' अशी वेगवेगळी वजने वापरली जात.

आजही दागिना तारण ठेवताना खड्यांचे वजन वजा झाले की अनेक ग्राहकांचा चेहरा उतरतो. परंतु सोनेतारण कर्ज निव्वळ सोन्यावरच मिळते. चोळांचे लेखनिक आणि आपले मूल्यमापक यांचा दंडक एकच आहे : आधी गुणदोष पाहावेत, मग किंमत करावी.

रंग का फसवतो?

नवशिक्या संग्राहकाला रंग सर्वांत आधी मोहवतो, पण पुष्कळदा तीच सर्वांत दुबळी साक्ष ठरते. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचा अंश आला की तो माणिक होतो. लोह व टायटॅनियम आले की नीलम. धार लावण्याच्या कुरुंदाच्या दगडामुळे हा शब्द आपल्या घरोघरी परिचित आहे, आणि इंग्रजीतील 'कोरंडम' हे नावही तमिळ शब्दावरूनच गेले आहे. उलट लाल रंग स्पिनेल व गार्नेट या अगदी निराळ्या खनिजांनाही असतो. ब्रिटिश राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' शतकानुशतके माणिक म्हणून मिरवले. ते प्रत्यक्षात स्पिनेल आहे.

घरच्या घरी करावयाच्या कसोट्या

पहिली कसोटी काठिण्याची. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोज यांनी १८१२ साली १ ते १० अशी श्रेणी मांडली. संगजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, गारेचा स्फटिक ७, कुरुंद ९ आणि हिरा १०. नखाचे काठिण्य सुमारे अडीच, तर पोलादी चाकूचे साधारण साडेपाच. चाकूने ओरखडा उठला तर तो तुकडा स्फटिक नव्हे. ही कसोटी ओबडधोबड नमुन्याच्या न दिसणाऱ्या बाजूवरच घ्यावी. पैलू पाडलेल्या खड्यावर कदापि घेऊ नये.

दुसरी कसोटी घनतेची. नमुना प्रथम हवेत तोलावा, नंतर दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोलावा. हवेतील वजनाला वजनातील घटीने भागावे. समजा, हवेत ५३ ग्रॅम आणि पाण्यात ३३ ग्रॅम भरले, तर घट २० आणि उत्तर २.६५, म्हणजेच गारेच्या स्फटिकाची घनता. कुरुंदाची सुमारे ४ आणि स्पिनेलची सुमारे ३.६ येते.

तिसरी कसोटी कसाची. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर नमुना घासावा. काळे दिसणारे हेमॅटाइट लालसर रेघ सोडते. सोन्यासारखी चमकणारी सोनामाखी काळपट.

चौथी कसोटी भिंगाची. काचेत पुष्कळदा गोल बुडबुडे दिसतात. पोलरॉइडच्या दोन काचा काटकोनात धरून अंधार केला आणि मधे स्फटिक फिरवला, तर तो उजळतो. काच बहुधा काळीच राहते. परंतु स्पिनेल व गार्नेटही काळेच राहतात, म्हणून एका साक्षीवर निवाडा करू नये. भट्टीत बनविलेले कृत्रिम माणिक तर काठिण्य व घनता या दोन्ही कसोट्यांना उतरते. तेथे प्रयोगशाळेचाच दाखला हवा.

वल्लमची गार, सह्याद्रीची फुले

तंजावूरपासून दहा-बारा किलोमीटरवर वल्लम हे गाव आहे. तेथील पारदर्शक गारेपासून पूर्वी चष्म्याची भिंगे व दागिन्यांचे खडे घडविले जात. 'वल्लमचे हिरे' म्हणून ते ओळखले गेले. हिरे ते नव्हतेच, पण काचेपेक्षा कठीण असल्याने त्या भिंगांवर सहजी ओरखडे उठत नसत. खोट्या नावाखाली दडलेला हा खरा गुण होय.

महाराष्ट्रातील वाचकांना तर घराजवळच खजिना आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील पोकळ्यांत पुणे, नाशिक, जळगाव परिसरात हिरवट अॅपोफिलाइट, गुलबट स्टिल्बाइट, शुभ्र ओकेनाइट सापडतात. वाघोलीचे निळे कॅव्हेन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांवरून त्याला हे नाव मिळाले. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय पाहिले की डोळा तयार होऊ लागतो.

छंद जोपासताना काही पथ्ये पाळावीत. खाणीत मालकाच्या परवानगीविना जाऊ नये. संरक्षित वास्तूच्या आवारातील खडाही उचलू नये. प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, दिनांक व घेतलेल्या कसोट्या लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीविना नमुना म्हणजे नोंदीविना व्हाउचर.

आजीच्या पेटीतला लाल खडा काच निघाला तर वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तरीही तिच्या हातांनी तो जपला, हे मोल कमी होत नाही. फक्त ते मोल आणि बाजारातील किंमत या दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहावयाच्या बाबी आहेत. विकण्यापूर्वी, वाटण्यापूर्वी वा तारण ठेवण्यापूर्वी हे ज्याला ठाऊक असते, त्याची फसगत सहसा होत नाही आणि भावंडांत कटुताही येत नाही.