लॅपटॉपची मांडणी : मानेला व डोळ्यांना सोसेल अशी

आज घरोघरी लॅपटॉप आलेला आहे. मुलांचा अभ्यास, परीक्षांचे अर्ज, नोकरदारांचे उरलेले काम, सारे त्यावरच चालते. परंतु दोन तास बसले की मान धरते, डोळे चुरचुरतात आणि मुलगा झाकण मिटून उठतो. घरची मंडळी म्हणतात, याचे अभ्यासात लक्ष नाही. आम्ही बँकेत दिवसभर पडद्यासमोर बसणारी माणसे. आमच्या मते पुष्कळदा दोष मुलाचा नसून मांडणीचा असतो, आणि ती थोडक्या खर्चात सुधारता येते.

मूळ अडचण अशी की, लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड बिजागरीने एकमेकांना जोडलेले असतात. हात सोयीस्कर ठेवावेत तर पडदा खाली जातो व मान वाकते. पडदा वर घ्यावा तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ४.५ ते ५ किलो असते. मान जितकी पुढे झुकेल तितका तिच्या स्नायूंवरील भार वाढतो. म्हणून रोज तासन् तास काम करणाऱ्याने या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात, हाच मुख्य उपाय होय.

त्यासाठी लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणावी. कीबोर्ड आणि माउस वेगळे जोडावेत. साधे घेतल्यास दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आत मिळतात. कोपर साधारण काटकोनात राहावे, मनगट सरळ असावे, पडदा हातभर अंतरावर असावा. खुर्ची उंच असून पाय लोंबकळत असतील, तर पायांखाली पाट ठेवावा. ज्यांना चाळिशी लागली आहे व जे दुहेरी भिंगाचा चष्मा वापरतात, त्यांनी पडदा आणखी थोडा खाली घ्यावा. नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी सतत वर उचलावी लागते.

ज्या घरात टेबल नाही, तेथे भिंतीला पाठ टेकून, कमरेमागे उशी घेऊन बसावे. लॅपटॉप चौरंगावर आणि कीबोर्ड मांडीवरील पाटावर ठेवावा. गादीवर लॅपटॉप ठेवू नये. बऱ्याच यंत्रांना खालून हवा लागते. ती अडली की यंत्र तापते.

आता पडद्याविषयी. खिडकी पडद्याच्या मागे किंवा समोर नसावी, बाजूला असावी. पडद्याशेजारी पांढरा कागद धरून पाहावा. पडदा दिव्यासारखा झगझगीत वाटला तर उजेड कमी करावा, मळकट वाटला तर वाढवावा. अक्षरे लहान दिसतात म्हणून काही जण रिझोल्यूशन कमी करतात. ते करू नये. पडद्यावरील बिंदूंची संख्या ठरलेली असते, त्यामुळे अक्षरे मोठी होतात पण पुसट दिसतात. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या क्रमाने जाऊन ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. मराठी वाचताना तर हे अगत्याचे आहे. आपल्या लिपीत वेलांट्या, अनुस्वार, रफार वर आणि उकार खाली असतात. इंग्रजी ज्या आकारात सहज वाचता येते, त्या आकारात मराठीसाठी डोळे ताणावे लागतात. एखादाच मजकूर मोठा करायचा असेल तर कंट्रोलची कळ दाबून माउसचे चाक फिरवावे. एकच लॅपटॉप घरातील तिघे वापरत असतील, तर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडावे, म्हणजे अक्षरांचा आकार ज्याचा त्याला राखता येतो.

निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मे घ्यावेत काय, असे पालक विचारतात. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्या तपासल्या. साध्या भिंगांच्या तुलनेत अशा चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत नसावा, असाच त्यांचा निष्कर्ष आहे. ते पैसे वेगळ्या कीबोर्डवर खर्च केलेले बरे. डोळे चुरचुरण्याचे एक मोठे कारण म्हणजे पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते व डोळे कोरडे पडतात. यास्तव दर २० मिनिटांनी २० फूट दूर, २० सेकंद पाहावे, पापण्या मुद्दाम मिटाव्यात आणि तासाभराने उठून चार पावले चालावे. इतके करूनही मान दुखत राहिली, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा धूसर दिसू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला अजून कित्येक वर्षे याच यंत्रासमोर बसून शिकायचे व कमवायचे आहे. येत्या रविवारी अर्धा तास काढा, घरातील कोणाला तरी बाजूने पाहायला सांगा, आणि मान सरळ होईपर्यंत लॅपटॉपखाली एकेक पुस्तक वाढवत जा.