फिरत्या चाकातली तुटलेली तार

मोटारीच्या स्टिअरिंगवरचे बटण दाबले की हॉर्न वाजतो. यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण थोडा विचार करा. बटण चाकावर बसवलेले असते आणि ते चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे फिरते. मग बटणाच्या तारांना पीळ पडून त्या तुटत कशा नाहीत?

विद्युत्‌जनित्राच्या धड्यात तुम्ही कडी आणि तिच्यावर घासणारा ब्रश पाहिला असेल. जुन्या मोटारींत हॉर्नसाठी हीच युक्ती असे. धूळ बसून किंवा झिजून क्षणभर संपर्क तुटला, तरी बिघडत नसे. पुढे चाकात एअरबॅग आली. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी ती सक्तीची झाली. अपघातात ही पिशवी सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगावी लागते. तिथे क्षणभराचाही खंड चालत नाही. म्हणून चाकाखालच्या चपट्या डबीत तारांची एक लांब, लवचीक पट्टी गुंडाळून ठेवतात. चावीच्या घड्याळातल्या स्प्रिंगसारखी ती दिसते. चाक एका बाजूला फिरले की ती आवळते, दुसऱ्या बाजूला फिरले की सैल होते. संपर्क मात्र अखंड राहतो.

तरीही वर्षानुवर्षे वाकून वाकून पट्टीतली तार तुटते. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच हे. आता हा दोष ओळखायचा कसा?

समजा, चाक सरळ असताना हॉर्न वाजतो आणि वळवले की बंद पडतो. दोष फ्यूजमध्ये असेल का? नाही. चाक किती वळले याचा फ्यूजला पत्ताच नसतो, तसा तो हॉर्नलाही नसतो. चाकाबरोबर हालते ती पट्टी. म्हणून संशय तिच्यावर. त्यातच एअरबॅगचा दिवा लागलेला असेल, तर संशय अधिक बळावतो. मोटारीतील नियंत्रक एअरबॅगच्या मंडलातून अगदी क्षीण प्रवाह पाठवून त्याचा रोध तपासत असतो. तार तुटली की रोध अतिशय वाढतो आणि दिवा लागतो. या दिव्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे, कारण अपघातात पिशवी कदाचित फुगणारच नाही.

शेवटची खात्री मल्टिमीटर करतो. डबी बाहेर काढून प्रत्येक तारेच्या दोन टोकांमधला रोध मोजतात आणि मोजता मोजता डबी हळूच फिरवतात. तार अखंड असेल तर रोध अगदी थोडा भरतो. काटा मध्येच उडी मारू लागला, तर तिथेच तार तुटलेली आहे.

मात्र हे काम प्रशिक्षित कारागिराचेच. बॅटरी सोडवल्यावरही संधारित्रात विद्युत्‌भार उरतो, म्हणून काही मिनिटे थांबावे लागते. एअरबॅगला मल्टिमीटर तर कधीच लावायचा नाही. त्याच्या स्वतःच्या प्रवाहाने ती फुटू शकते. तुटलेली पट्टी डाख देऊनही जोडत नाहीत. डाखाची जागा ताठ होते आणि तिच्याशेजारीच तार पुन्हा तुटते. म्हणून सबंध डबीच बदलतात.

नवी डबी बरोबर मध्यावर बसवावी लागते. का, ते करून पाहा. १० सेंटिमीटर व्यासाचा एक डबा आणि ५ सेंटिमीटर व्यासाची एक बाटली घ्या. एक मीटर लांबीच्या कागदी पट्टीचे एक टोक बाटलीला आणि दुसरे डब्याच्या आतल्या भिंतीला चिकटवा. बाटलीभोवती आवळली तर या पट्टीचे सुमारे ६.४ वेढे बसतात, भिंतीलगत पसरली तर सुमारे ३.२. या दोहोंतला फरक, म्हणजे सुमारे ३.२ फेरे, एवढीच बाटली फिरू शकते. मध्यापासून सुरुवात केलीत तर दोन्हीकडे दीड-दीड फेरा सहज मिळतो. आता पट्टी पूर्ण आवळून मग त्याच दिशेने आणखी एक फेरा देऊन पाहा. कागदाचे काय होते?