एक वर्षाची अट कशासाठी?

एम.एस्सी. नर्सिंगचा अर्ज भरताना सगळ्यांचं लक्ष पदवीच्या ५५ टक्क्यांवर असतं. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांत आणखी दोन गोष्टी आहेत: परिचारिका आणि प्रसाविका म्हणून नोंदणी, आणि किमान एक वर्षाचा अनुभव. माझ्या मते खरी चाळणी ही शेवटचीच. नियमाची रचना बघा. बेसिक बी.एस्सी. झालेल्यांना हा अनुभव पदवीनंतर घ्यावा लागतो. पोस्ट बेसिकवाल्यांचा मात्र त्या पदवीच्या आधीचाही चालतो, कारण जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून वॉर्डात राबलेली सिस्टर तिथे पुन्हा शिकायला आलेली असते. म्हणजे परिषदेला नुसता कालावधी नको, स्वतःच्या जबाबदारीवर केलेली ड्युटी हवी आहे. विद्यार्थिनीच्या चुकीवर नजर ठेवायला कुणीतरी असतं. रात्री दोन वाजता सलाईनखाली हात सुजलेला दिसला, की ते आधी थांबवायचं, हे नोंदणीकृत परिचारिकेला स्वतःच ठरवावं लागतं.

यावर आक्षेप असा, की वर्ष फुकट जातं आणि अनुभवाचा दाखला काय, कुठेही मिळतो. दुसरी तक्रार खरी आहे, पण तिचा इलाज दाखल्यामागची हजेरी आणि पगाराच्या नोंदी तपासणं हा. अट काढणं नव्हे. वर्षाचं म्हणाल, तर दोन वर्षांच्या या अभ्यासक्रमातून पुढे बऱ्याच जणी शिकवायला उभ्या राहतात. वॉर्ड न पाहिलेल्या ट्यूटरने वॉर्ड शिकवायचा कसा?