उतरणे, राहणे आणि बिऱ्हाड : पर्यटनस्थळांतील घरांचा प्रश्न

'आपण कोठे राहता?' आणि 'आपण कोठे उतरला आहात?' हे मराठीत दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिला विचारणारा माणसाचे घर विचारतो; दुसरा विचारणारा त्याचे घर अन्यत्र आहे हे गृहीत धरूनच बोलतो. ह्या दोहोंच्या मध्ये 'बिऱ्हाड' हा आणखी एक शब्द आहे. घर दुसऱ्याचे, भाडे महिन्याचे, परंतु चूल आपली, अशी ती स्थिती होय. बिऱ्हाड करणे म्हणजे भांडीकुंडी घेऊन येणे, मुलांची नावे शाळेत घालणे, शिधापत्रिकेवरील पत्ता बदलणे. बिऱ्हाडकरू घराचा मालक नसतो, तथापि तो गावाचा होतो. उतरलेला मनुष्य गावात असतो, गावाचा नसतो. (त्याला 'उतारू' म्हणणे व्युत्पत्तीला धरून झाले असते, पण तो शब्द आगगाडीने आणि एस. टी.ने केव्हाच आपलासा केला आहे. म्हणून येथे 'पाहुणा' हाच शब्द वापरू.)

सुट्टीपुरती घरे भाड्याने देण्याचा जो व्यवसाय अलीकडे खेडोपाडी पसरला आहे, त्याचे नियमन कसे करावे हा प्रश्न बहुधा पर्यटन किंवा कर ह्यांच्या अंगाने चर्चिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रथम ह्या तीन शब्दांचा प्रश्न आहे. राहण्याचे वा बिऱ्हाडाचे घर केवळ उतरण्याचे घर झाले, म्हणजे गावातील एक चूल कमी होते. नियमाने नेमके एवढेच ओळखावयास हवे.

कोल्हापुरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर असलेला पन्हाळा ह्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील बहुतेक गड आज ओस आहेत. पन्हाळ्यावर मात्र नांदती वस्ती आहे. ताराबाईंची राजधानी येथे होती, कवी मोरोपंत १७२९ साली येथेच जन्मले, आणि आजही हे तालुक्याचे ठिकाण आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास भरली. म्हणजे नावाने नगर, आकाराने खेडे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, त्यांत पन्हाळा आहे. अशा मानाबरोबर पाहुण्यांची संख्या वाढावी हे स्वाभाविकच. परंतु गडाला तट आहे, आणि तटाच्या आत जमीन वाढत नाही. शिवाय प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरांत नियंत्रित आहे. मैदानी गावात एक घर पाहुण्यांकडे गेले तर वेशीबाहेर दुसरे बांधता येते. गडावर तसे करता येत नाही. मग कचेरीत बदलून आलेला कारकून किंवा शाळेतील शिक्षिका ह्यांनी बिऱ्हाड करावयाचे कोठे? गडाखाली किंवा कोल्हापुरात बिऱ्हाड करून रोज एस. टी.ने वर यावे, एवढाच मार्ग उरतो.

मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा हिशेब सरळ आहे. समजा, दोन खोल्यांचे मासिक भाडे पाच हजार रुपये येते आणि पाहुण्यांकडून एका रात्रीचे दीड हजार मिळतात. महिन्यातील चार शनिवार-रविवार धरले तरी आठ रात्रींचे बारा हजार होतात. उरलेले दिवस घराला कुलूप लावले तरी चालते. दुसरे कारण भीतीचे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे परवान्याने जागेत राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या पिढीतील घरमालकांनी घेतलेली धास्ती पुढील पिढीलाही वारशाने मिळाली आहे. वस्तुतः १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने परवान्याची मुदत संपताच जागा परत मिळविण्याची वाट कलम २४ अन्वये मोकळी केली आहे. पण कायदा बदलतो त्या वेगाने समजूत बदलत नाही.

ह्या दोन कायद्यांची नावे शेजारीशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. १९४७ च्या कायद्याच्या नावात घरभाड्याबरोबर हॉटेल व लॉजिंग हाउस ह्यांचे दरही होते. एकाच भिंतींवर दोन मागण्या असतात, हे त्या नावातच मान्य केलेले होते. १९९९ च्या नावातून ते शब्द गेले. हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच लागू असल्यामुळे सर्वसाधारण खेड्याला त्याचा आधार नाही, ही गोष्ट वेगळीच. तथापि त्यात 'पेइंग गेस्ट'ची जी व्याख्या आहे ती फार नेमकी आहे : परवाना देणारा स्वतः ज्या जागेत राहतो त्या जागेचा काही भाग ज्याला दिला आहे, असा कुटुंबाबाहेरील मनुष्य. येथे दिवस मोजलेले नाहीत. मालक तेथे राहतो की नाही, एवढेच पाहिले आहे. केंद्र शासनाच्या निवास व न्याहारी योजनेतही मालकाच्या कुटुंबाचे त्याच घरात वास्तव्य आवश्यक मानले असून खोल्यांची कमाल संख्या सहा आहे. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून जो नियम अमलात आणला त्याचा गाभाही हाच आहे : तीस दिवसांहून कमी मुक्काम असेल तर यजमान घरात हवा, आणि पाहुणे दोनच.

घोटाळा होतो तो 'निवास' ह्या शब्दामुळे. नगररचनेच्या कागदात 'निवासी वापर' म्हणजे राहणे. 'पर्यटक निवास' म्हणजे उतरणे. 'निवास व न्याहारी' म्हणजे एकाने राहणे व दुसऱ्याने उतरणे. बोलीने जपलेला भेद संस्कृत शब्दाने पुसला, आणि 'होमस्टे' ह्या नव्या शब्दाने तर पाटीमागे 'होम' आहे की नाही हे विचारण्याचेही कारण ठेवले नाही. 'घरगुती जेवण व राहण्याची सोय' ही जुनी पाटी त्या मानाने अधिक प्रामाणिक म्हटली पाहिजे. जेवण घरगुती असावयाचे तर घरात कोणी रांधणारे असावेच लागते.

भाषाभ्यासकाने ह्या विषयात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याला वेल्सचे उदाहरण पुरेसे आहे. ग्विनेदसारख्या ज्या परगण्यांत वेल्श ही अजून दैनंदिन व्यवहाराची भाषा आहे, तेथेच सुट्टीची घरे मोठ्या प्रमाणावर झाली. स्थानिक तरुणांना घर मिळेना. आणि तरुण गेले की शाळेतील, दुकानातील भाषाही जाते. तेथील शासनाने २० ऑक्टोबर २०२२ पासून नगररचनेत घरांचे तीन वर्ग केले : वर्षातील १८३ दिवसांहून अधिक जेथे राहणे होते ते मुख्य घर, अन्य दुय्यम घर, आणि प्रत्येक वेळी ३१ दिवसांपर्यंतच भाड्याने दिले जाणारे घर. मराठीत सांगावयाचे तर राहण्याचे घर आणि उतरण्याचे घर ह्यांना कायद्याने वेगळी नावे दिली. एप्रिल २०२३ पासून दुय्यम घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत अधिक स्थानिक कर बसविण्याची मुभाही तेथील परिषदांना मिळाली. आपल्याकडे बोलीसंकलनासाठी खेड्यांत हिंडताना प्रस्तुत लेखकही उतरणाऱ्यांतलाच एक असतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे ह्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागेल असे नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाचे नाव व भोगवटा करणाऱ्याचे नाव ही दोन्ही नोंदली जातात. जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब असे मानतात, आणि घरांच्या यादीत राहते घर व लॉज-अतिथिगृह ह्यांचे रकाने निराळे असतात. करआकारणीच्या यादीत 'घरात चूल कोणाची?' ह्या अर्थाचा एक रकाना वाढविला की तिन्ही प्रकार वेगळे दिसू लागतील. ज्या घरात मालकाचे कुटुंब राहते तेथे केवळ नोंदणी पुरेशी मानावी. जेथे कोणीच राहत नाही तेथे परवाना, व्यापारी दराने कर, आणि पन्हाळ्यासारख्या जमीन बांधलेल्या गावी संख्येची मर्यादाही असावी.

ह्या वर्गीकरणात न बसणारे एक घर कोकणात पुष्कळ ठिकाणी आढळते. मालक मुंबईस, घराला कुलूप, ते गणपतीत आणि मे महिन्यात उघडावयाचे. अशा घरात बिऱ्हाड कधी नव्हतेच. त्यामुळे ते पाहुण्यांना दिल्याने कोणाची चूल विझत नाही, उलट कौले शाकारण्यापुरता पैसा मिळतो. अशा घराची नोंद अवश्य घ्यावी, त्यावर मर्यादा घालू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मात्र पूर्वी तेथे बिऱ्हाड होते की नाही हे शेजाऱ्यांना विचारूनच ठरवावे लागेल; मालकाला विचारून नव्हे.