मार्जारपुराण आणि मेथीचा वाफा

‘मांजर’ हा आपला शब्द संस्कृत ‘मार्जार’वरून आला, आणि ‘मार्जार’ची व्युत्पत्ती ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे या धातूपासून लावतात. सदा स्वतःचे अंग चाटूनपुसून लख्ख ठेवणारा प्राणी तो मार्जार. ‘मार्जन’ आणि ‘संमार्जनी’ हे शब्दही याच कुळातले. म्हणजे नाते लावायचेच झाले तर मांजर आणि केरसुणी या सख्ख्या बहिणी! वर्गात मी हे सांगते तेव्हा मुलेमुली हसतात. पण ज्यांच्या घरापुढे चार हात माती आहे आणि त्या मातीत ज्यांनी हौसेने मेथी पेरली आहे, त्यांना यात हसण्यासारखे काही दिसत नाही. सकाळी खुरपे घेऊन वाफ्यापाशी बसावे आणि पहिल्याच घावाला नाकाला पदर लावावा लागावा, हा अनुभव कुणाला सांगण्याचीही चोरी!

गंमत अशी की, मांजराचा हा उपद्रव त्याच्या स्वच्छतेतूनच जन्माला येतो. कुत्र्याला रस्त्याचा मध्यही चालतो. मांजराला मात्र आडोसा हवा, कोरडी भुसभुशीत माती हवी, उकरायला सोपी आणि झाकायला पुरेशी. स्वतःच्या उंबऱ्याशी ते सहसा घाण करीत नाही. तेवढ्यासाठी शेजाऱ्याचे अंगण असतेच. हे वळण फार जुने आहे. आपल्या घरांतले मांजर पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातील रानमांजरापासून आले, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीच्या संशोधनातून स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर एका माणसाच्या दफनाशेजारी मांजराचेही दफन सापडले. ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २००४ साली जाहीर झाले. साडेनऊ हजार वर्षे आपल्याबरोबर काढूनही त्याने वाळूची आवड सोडलेली नाही. आणि आपण काय करतो? पाऊस ओसरला की आश्विनात वाफे खणतो, ढेकळे फोडतो, शेणखत कालवतो, माती चाळून मऊ करतो. मांजराच्या दृष्टीने हे सारे त्याच्यासाठीच चाललेले असते. वर्षभर शांत असलेली तक्रार नेमकी दिवाळीच्या सुमारास घरोघर ऐकू येते, त्याचे कारण हे.

यावर उपाय सांगणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात. आमच्या गल्लीत फाटकाला लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या टांगण्याची प्रथा आहे. निळीचे पाणी पाहून कुत्री दूर राहतात असे म्हणतात. तेच शास्त्र मांजरांनाही लावले जाते. याला कसलाही आधार नाही. पण आपणच तेवढे भाबडे आहोत असे समजू नये. जपानातही मांजरांना हुसकण्यासाठी घराभोवती पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवतात, आणि तशा बाटलीतून ऊन एकवटून आग लागू शकते, अशी ताकीद तिथल्या अग्निशामक दलांना द्यावी लागते. आमच्या बाटल्यांना अंग घासून जाणारी मांजरे मी स्वतः पाहिली आहेत.

दुसरा उपाय वासाचा. संत्र्या-मोसंब्याच्या साली, कॉफीचा चोथा. लिंबूवर्गीय वास मांजरांना नकोसा असतो हे खरे. पण साली वाळल्या की वास गेला. दोन दिवसांनी त्या नुसता कचरा होऊन पडतात. ज्यांच्याकडे रोज डझनभर मोसंबी सोलली जातात त्यांनी हा प्रयोग खुशाल करावा.

तिसऱ्या जातीचे उपाय मात्र मला मुळीच पसंत नाहीत, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे. डांबराच्या गोळ्या, फिनाईल आणि तिखटाची पूड. फिनाईलमधील द्रव्यांचा निचरा करण्याची जी शक्ती आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. पायाला लागलेले फिनाईल ते चाटते आणि ते विष अंगात भिनते. इथे त्याची स्वच्छताच त्याच्या जिवावर उठते. डांबराच्या गोळ्या मांजराला जितक्या घातक, तितक्याच अंगणात रांगणाऱ्या पोराला. आणि त्या दिसतात पेपरमिंटसारख्या! तिखटाचे म्हणाल, तर ते पंजांतून डोळ्यांत जाते. मेथीच्या एका जुडीसाठी एवढी यातना कुणाला द्यावी, असे कोणत्याही गृहिणीला वाटणार नाही.

आमच्याकडे हा प्रश्न केवळ मेथीच्या जुडीपुरता राहिला नाही, म्हणून हा लेखप्रपंच. गेल्या वर्षी माझी भाची पाचव्या महिन्यात विश्रांतीसाठी आमच्याकडे आली. तिला बागेची भारी हौस. पहिल्याच सकाळी ती वाफ्यात हात घालून बसली, आणि त्याच आठवड्यात तिच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, ‘‘घरात किंवा बागेत मांजर येते का?’’ मग त्यांनी टॉक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म जीवाची माहिती दिली. हा जीव १९०८ साली ट्यूनिस येथे उंदरासारख्या एका प्राण्यात प्रथम आढळला. पण त्याचे खरे घर मांजराचे आतडे आहे, हे कळायला १९७० साल उजाडावे लागले. उंदीर-पाखरे खाऊन मांजराला त्याची बाधा होते, आणि पुढचे एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या जीवाचे बीजकोश बाहेर पडतात. बहुधा आयुष्यात एकदाच. निरोगी माणसाला या रोगाचा सहसा पत्ताही लागत नाही. परंतु गर्भारपणात पहिल्यांदाच लागण झाली, तर ती पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकते. दमट मातीत हे कोश वर्षभराहूनही अधिक टिकतात.

घरात एकदम गंभीर वातावरण पसरले. भाचीला वाफ्यात उतरण्याची बंदी झाली. माझ्या सासूबाईंनी तर शेजारच्या आजींच्या घरचे तीर्थप्रसादसुद्धा वर्ज्य केले! कारण गल्लीतल्या मांजरांना जेवू घालणाऱ्या त्या आजी. वय ऐंशीच्या आसपास, एकट्या राहतात. त्यांच्या दारात मनी, तिची एक लेक आणि एक दांडगा पिवळा बोका असा संसार. ही बातमी समोरच्या निवृत्त साहेबांच्या कानांवर गेली तशी त्यांनी रविवारी चार घरांची बैठकच बोलावली.

‘‘बाई, आता सोक्षमोक्षच लावू,’’ ते मला म्हणाले. ‘‘दुधात काहीतरी कालवून ठेवले की आठ दिवसांत गल्ली साफ.’’

आजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘मुलाचा फोन शनिवारी येतो. बाकीचे सहा दिवस दिवेलागणीला माझ्या दाराशी येऊन बसणारी एवढी तीनच आहेत हो.’’

क्षणभर कुणालाच काही सुचेना. मी म्हटले, ‘‘साहेब, दुधात काही कालवणे हा गुन्हा आहे. १९६० पासून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध कायदा आहे. आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या ३२५ व्या कलमात प्राण्याला विष घालणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.’’ जन्मभर नियमाला धरून वागलेला माणूस. कलमाचा आकडा ऐकताच वरमला. मग ‘‘निदान गोणीत घालून नदीपलीकडे तरी सोडून येऊ,’’ असा एक आवाज उठला. पण पाळलेले जनावर असे टाकून देणे हेही कायद्याला मंजूर नाही. शिवाय एक मांजर हलवले की मोकळ्या जागेवर दुसरे हक्क सांगायला येते. भाड्याच्या खोल्या पुण्यात रिकाम्या राहतात का कधी?

डॉक्टरीणबाईंनी भाचीला सांगितलेली एक गोष्ट मला त्या बैठकीत फार उपयोगी पडली. विष्ठेतले ते बीजकोश बाहेर पडताक्षणी बाधत नाहीत. त्यांना पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घाण एका ठिकाणी होत असेल आणि रोजच्या रोज उचलली जात असेल, तर धोका पुष्कळच टळतो. खरी अडचण आहे ती मातीत कुठेही दडलेल्या, कुणाला न दिसणाऱ्या घाणीची. तेव्हा मांजराला नुसते ‘इथे नको’ म्हणून भागत नाही. ‘तिथे जा’ हेही सांगावे लागते.

आजींच्या घरामागे पत्र्याखाली कोरडी जागा होती. तिथे विटा लावून दोन फूट लांब, दोन फूट रुंद असा चौकोन केला आणि सहा इंच बारीक वाळू भरली. पहिल्या दिवशी वाफ्यातली त्यांचीच थोडी ‘खूण’ नेऊन त्यात मिसळली, म्हणजे वासाने जागा ओळखू येते. मनीने तिसऱ्या दिवशी ती जागा पसंत केली, लेकीने आईचा कित्ता गिरवला. ती वाळू रोज सकाळी सुपलीने साफ करण्याचे काम आजींच्या कामवाल्या मावशींनी महिन्याच्या वेगळ्या बोलीवर पत्करले. चारही घरे त्यासाठी वर्गणी देतात. त्यात समोरचे साहेबही आले. घाण पिशवीत बांधून कचऱ्यात जाते. ती खताच्या खड्ड्यात मात्र कधीही टाकू नये.

नवी जागा देताना जुनी जागा गैरसोयीची करणे भाग असते. वाफ्यातली वरची चार बोटे माती काढून टाकली आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी वाफ्यावर आडवी अंथरली. तिच्या कडा खाली दुमडल्या, वर अर्धा इंच माती पसरली. कोंब जाळीच्या भोकांतून मजेत वर येतात. मांजराचा पंजा मात्र अडतो. एकदा दोनदा उकरून पाहते आणि कंटाळते. गुलाबाच्या आळ्यांत नारळाच्या करवंट्या पालथ्या दाटीने मांडल्या. त्याने ओलही टिकते. बोगनवेलीच्या छाटणीचे काटेरी तुकडे शेवंतीत खोवून ठेवावेत, पण आपली पोरे अनवाणी हिंडत असतील तर नको. संध्याकाळी वाफा ओला ठेवणे हाही चांगला उपाय आहे, कारण ओल्या मातीत पाय घालणे मांजराला आवडत नाही. शेवंतीला मात्र तो सोसत नाही. अति पाण्याने तिची मुळे कुजतात.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या बागांत खोकली किंवा कुप्पी नावाचे एक तण आपोआप उगवते. हातभर उंच, लहान पेल्यासारख्या हिरव्या पानांत फुले येतात. ते उभे असताना मांजर त्याच्याकडे पाहतही नाही. पण उपटून मूळ उघडे पडले की त्या वासाने वेडे होते, त्यावर लोळते, ते चावते. आपण हौसेने निंदणी करून तणाचा ढीग वाफ्याच्या कडेला ठेवतो आणि संध्याकाळी तिथे मार्जारसंमेलन भरते! खोकली उपटली की लगेच पिशवीत घालून बाहेर काढावी.

बोक्याचे प्रकरण निराळे. त्याला माती नको असते, उभी जागा हवी असते, आणि त्याची नजर हमखास तुळशीवृंदावनावर! ही घाण नव्हे, ती त्याची सही. पत्र्यावर जसे नाव लिहावे तसे तो वासाने आपले नाव लिहून जातो. यावर साबण-पाण्याने जागा स्वच्छ धुणे एवढेच करता येते. अमोनियाच्या वासाची द्रव्ये वापरू नयेत, कारण तो वास त्याला दुसऱ्या बोक्याच्या सहीसारखा वाटतो आणि तो खाली आपली सही जोमाने करतो. कायमचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. त्यानंतर बहुतेक बोक्यांची ही खोड जाते. भाटीचीही करून घ्यावीच, कारण चार-सहा महिन्यांची झाली की ती माजावर येऊ लागते, पोटात पिले नऊ आठवडे, आणि वर्षातून दोन-तीन वेळा हा सोहळा. मनी आणि तिची लेक यांना आजी स्वतः टोपलीत घालून पशुवैद्याकडे घेऊन गेल्या. रिक्षात त्यांच्या शेजारी समोरचे साहेब बसले होते, टोपलीचे झाकण दोन्ही हातांनी दाबून. बोका मात्र अजून पिंजऱ्यात आलेला नाही. सुक्या बोंबलाचे आमिष त्याने दोनदा सफाईने लांबवले.

भाचीला माघात मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. तिच्यासाठी घरात जे नियम केले ते आम्ही चालूच ठेवले आहेत: मातीत हात घालताना रबरी हातमोजे, नंतर साबणाने हात धुणे, आणि पालेभाजी वाहत्या पाण्याखाली तीनदा. अर्धेकच्चे मांस हेही या रोगाचे मोठे दार आहे, हे मांसाहारी वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आता राहिला किल्ला. दिवाळीत आमच्या गल्लीतली मुले ताज्या मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, आणि रात्रीतून मांजर नेमके बालेकिल्ल्यावरच छापा घालते. मुले रडवेली होतात आणि आयांच्या अंगावर काटा येतो, कारण त्याच मातीत उद्या सगळ्यांची बोटे असतात. त्यावर सोपी युक्ती अशी की, हळीव पेरल्यावर तीन-चार रात्री किल्ल्यावर ओले गोणपाट घालावे आणि कडेने विटा ठेवाव्यात. ओलीने हळीव लवकर तरारतो, मांजर फिरकत नाही. गोणपाट सकाळी ऊन येण्यापूर्वी काढायला मात्र विसरू नये, नाही तर कोंब पिवळे पडतात आणि मावळे पोरांच्या शिव्या खातात.